अंगणात नसलेला हंडा: चालत्या शॉटमध्ये सीजी वस्तू बसवण्याची कृती

शॉट साधा आहे. मोबाइल हातात धरून अंगणात डावीकडून उजवीकडे तीन-चार पावलं चालायचं. वेळ चार सेकंद, वेग सेकंदाला 25 फ्रेम्स, म्हणजे एकूण 100 फ्रेम्स. कट्ट्यावर तांब्याचा हंडा दिसतो, मध्येच एक माणूस त्याच्या पुढून निघून जातो. हंडा प्रत्यक्षात तिथे नसतो, तो सीजी, म्हणजे संगणकावर बनवलेला असतो. लागणारं थ्रीडी सॉफ्टवेअर म्हणजे ब्लेंडर, आणि ते फुकट मिळतं.

हंडाच निवडायचा, कारण तांबं काही लपवत नाही. प्रकाश चुकला, जमीन चुकली, माणूस पुढून गेला पण पोटावर त्याची छाया सरकली नाही, तर बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोट जाणवते. प्लास्टिकच्या बादलीवर सराव केला तर निम्म्या चुका झाकल्या जातात आणि शिकणं तेवढंच राहतं.

चार सेकंदच का, तर मोठ्यांनीही असंच मोजून-मापून केलं. 1989 च्या ‘द अबिस’मधला पाण्याचा जिवंत खांब पडद्यावर जेमतेम 75 सेकंद आहे. 1993 च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये संगणकावर बनवलेले डायनोसॉर सुमारे 6 मिनिटंच दिसतात. बाकीचं काम यांत्रिक पुतळ्यांनी केलं, विशेषतः जवळून दिसणारं. पहिल्याच खेपेला पाच मिनिटांची फिल्म करायला बसणारे बहुतेक जण ट्रॅकिंगपाशीच, म्हणजे चित्रावरून कॅमेऱ्याची हालचाल शोधण्यापाशीच, दमतात.

शूटिंगच्या दिवशी: कॅमेरा

दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (1917) किंवा ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) चमत्कार घडायचे ते कॅमेऱ्याच्या आत. फिल्मचा एक भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, मग उरलेल्या भागावर पुन्हा चित्रण. दोन्ही वेळा कॅमेरा केसभरही हलून चालत नसे. ट्रिक शॉट आला की कॅमेरा थिजायचा, त्याचं कारण हेच. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी जॉन डायकस्ट्राच्या चमूने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कॅमेरा बनवला, तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करत असे. पुढे 90 च्या दशकात उलटी युक्ती रुळली. कॅमेरा कसाही हलवा, तो कुठून कुठे गेला हे चित्रातल्या ठिपक्यांवरून संगणक काढून देईल. ही सोय ब्लेंडरमध्ये 2.61 या आवृत्तीत, डिसेंबर 2011 मध्ये आली.

ठिपक्यांवरून खोली काढायची तर जवळचे आणि लांबचे ठिपके वेगवेगळ्या वेगाने सरकायला हवेत. म्हणून जागेवर उभं राहून मोबाइल नुसता वळवू नका, पावलं टाका. नुसत्या वळवण्यात सगळे ठिपके सारखेच सरकतात आणि कट्टा किती लांब आहे हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच उरत नाही. हात मात्र सावकाश चालवा. मोबाइलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे झटका बसला की उभे खांब तिरपे होतात. ठिपक्यांचा माग काढणाऱ्या ट्रॅकरच्या हिशेबात हा तिरपेपणा बसत नाही.

स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करण्याची फोनची सोय) बंद करा. हे ऐकायला उलटं वाटेल, पण इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम वेगळ्या जागी कापतं, म्हणजे भिंगाचा मध्य दर फ्रेमला दुसरीकडे जातो आणि कॅमेऱ्याचं गणित तिथेच कोलमडतं. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. झूमला हात लावू नका, आणि अॅप परस्पर दुसऱ्या भिंगावर उडी मारत नाही ना तेही पाहा.

फ्रेमरेट 25, शटर 1/50. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे ओसरीतला दिवा मागे लागलेला असला तरी या जोडीत तो लुकलुकत नाही. अडचण उन्हात येते. बहुतेक मोबाइलचं अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) बदलत नाही. एफ 1.8, आयएसओ 50 आणि शटर 1/50 असेल तर भर उन्हात चित्र सहा स्टॉपहून थोडं जास्तच जळतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). त्यावर उपाय म्हणजे एनडी 64 चा क्लिपवाला फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच; तो सहा स्टॉप उतरवतो. फिल्टर नसेल तर शटर 1/3200 करा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. ब्लेंडरच्या मोशन ब्लरमध्ये (हालचालीमुळे येणारा पुसटपणा) शटरची किंमत फ्रेमरेट भागिले शटरचा छेद अशी येते: 1/50 साठी 0.5 आणि 1/3200 साठी सुमारे 0.008. खरं अंगण कमी पुसट आणि हंडा जास्त पुसट असा घोळ बहुतेक वेळा हा आकडा विसरल्यानेच होतो.

शहाबादी फरशी असेल तर फरश्यांचे कोपरे म्हणजे आयते ट्रॅकिंग पॉइंट. सारवलेली जमीन किंवा एकसारखी कोबा असेल तर चिकटपट्टीच्या छोट्या फुल्या लावा, काही जवळ, काही लांब, दोन-तीन भिंतीवर. हंड्याची सावली जिथे पडणार तिथे फुली नको, नाहीतर ती पुसण्याचं काम वाढतं. तुळशीची पानं, दोरीवरचे कपडे, कोंबड्या, यांवर ट्रॅक लावायचा नाही. एक अंतर टेपने मोजून घ्या, उदाहरणार्थ कट्ट्याची रुंदी. पुढे सगळं प्रमाण या एका मापावर उभं राहतं.

शूटिंगच्या दिवशी: प्रकाश

कॅमेरा झाला की लगेच प्रकाशाची नोंद घ्या. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे दहा मिनिटांत अडीच अंश. चहा पिऊन आलात तर सावली दुसरीकडे गेलेली असेल.

वस्तूवर भोवतालचं चित्र गुंडाळून ती चकचकीत दाखवण्याची युक्ती जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी 1976 मध्येच मांडली होती. 1991 च्या ‘टर्मिनेटर 2’मधला पाऱ्यासारखा माणूस हे तिचं गाजलेलं रूप. पण तिथे भोवतालचं चित्र दिसण्यापुरतं होतं. त्याच चित्रातून उजेडही घ्यायचा, ही पुढची पायरी पॉल डेबेवेकने 1998 मध्ये दाखवली. आरशासारखा गोळा ठेवायचा, त्याचे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढायचे, ते जोडून भोवतालच्या प्रकाशाचा नकाशा बनवायचा, आणि संगणकातल्या वस्तूवर प्रकाश त्याच नकाशातून टाकायचा.

तुम्हालाही तेच करायचं आहे. सजावटीतला चकचकीत स्टीलचा गोळा हंड्याच्या जागी ठेवा. शक्य तितकं लांब जाऊन, टेली भिंगाने, मोबाइल ट्रायपॉडवर लावून सात फोटो घ्या, प्रत्येकात दोन स्टॉपचं अंतर ठेवून. व्हाइट बॅलन्स शॉटचाच. जवळून घेतलात तर गोळ्याच्या मधोमध तुमचंच तोंड मोठं दिसेल आणि कडेचा भाग कमी मिळेल. गोळ्याच्या बरोबर मागची दिशा कडेला ताणलेली येते, म्हणून जमलं तर 90 अंशांनी बाजूला जाऊन दुसरा संच घ्या. मग त्याच जागी मळकट राखाडी रंगाचा, अजिबात न चमकणारा चेंडू ठेवून एक फोटो. शेवटी एक मीटरची काठी उभी धरून तिच्या सावलीसह दोन सेकंदांचं चित्रण. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुंच्याचा दांडाही चालतो, मात्र तो ओळंब्यात हवा.

फोटो ल्युमिनन्स एचडीआरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये जोडा, गोळ्याच्या कडेला घट्ट चौकोन कापा आणि ब्लेंडरच्या एन्व्हायर्नमेंट टेक्श्चर नोडमध्ये (नोड म्हणजे एक काम करणारा, दुसऱ्याला जोडता येणारा ठोकळा) ‘मिरर बॉल’ निवडा. दिशा मॅपिंग नोडने फिरवून जुळवा. इथे जवळजवळ सगळे अडकतात ते सूर्यापाशी. तो इतका तेजस्वी असतो की सर्वांत काळ्या फोटोतही पांढराच येतो, त्याचं खरं तेज नकाशात उतरत नाही. परिणामी हंड्याची सावली ढगाळ दिवसासारखी फिकी पडते, शेजारी कट्ट्याची सावली मात्र काळी कुळकुळीत. म्हणून नकाशातला सूर्य आजूबाजूच्या आकाशाच्या रंगाने पुसून टाका आणि वेगळा ‘सन’ दिवा लावा. त्याचा कोन 0.53 अंश ठेवा, कारण आकाशात सूर्य तेवढाच दिसतो. कोन शून्य ठेवलात तर सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी येते.

दिवा कुठून मारायचा हे काठी सांगते. ब्लेंडरमध्ये एक मीटरचा बारीक दंडगोल काठीच्या जागी उभा करा आणि त्याची सावली खऱ्या सावलीवर बसेपर्यंत दिवा फिरवा. तेज किती हे राखाडी चेंडू सांगतो. तसाच चेंडू सीजीत करून उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यांचे आकडे जुळवा. आधी सावलीची बाजू नकाशाच्या तीव्रतेने, मग उन्हाची बाजू दिव्याने. क्रम उलटा केला तर दोन्ही आकडे एकमेकांमागे पळत राहतात.

पॉली हेवन या साइटवरून तयार एचडीआर, म्हणजे असाच प्रकाशाचा नकाशा, घेता येतो, फुकट आहे आणि दर्जाही उत्तम. तांब्यासाठी मात्र नको. हंड्याच्या पोटात कुठल्या तरी परदेशी बागेतले पाइन वृक्ष दिसू लागतात.

ट्रॅकिंग

मोबाइलच्या व्हिडिओचा फ्रेमरेट बहुधा कमी-जास्त होत असतो. आधी एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅमने स्थिर 25 वर आणून चित्रमालिका बनवा आणि तीच ब्लेंडरच्या मूव्ही क्लिप एडिटरमध्ये उघडा. ‘सेट सीन फ्रेम्स’ दाबा.

निदान आठ ट्रॅक हिशेबासाठी निवडलेल्या दोन्ही फ्रेम्सवर (कीफ्रेमवर) हजर असावे लागतात, पण आठावर भागवू नका. 25-30 असू द्यात, आणि ते जमीन, कट्टा, लांबची भिंत असे विखुरलेले. कोरिलेशनची (ठिपका किती जुळायला हवा याची) किंमत मुळात 0.75 असते, ती 0.9 करा. मग ठिपका हरवला की ट्रॅकर थांबतो, नाहीतर तो निमूटपणे शेजारच्या फरशीवर घसरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. माणूस पुढून जाताना झाकले गेलेले ट्रॅक तिथे बंद करा आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू करा.

सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर आणि फोकल लेंग्थ मोबाइलच्या माहितीत दिलेली 35 मिलिमीटर समतुल्य, ही सुरुवात ठीक आहे. व्हिडिओ काढताना फोन चित्र थोडं कापतो, म्हणून सॉल्व्ह करताना, म्हणजे ठिपक्यांवरून कॅमेरा काढताना, फोकल लेंग्थ आणि रेडियल डिस्टॉर्शन (भिंगामुळे येणारा वाकडेपणा) ‘रिफाइन’ करायला सांगा. एरर 0.5 पिक्सेलच्या खाली यावी. 1 च्या वर असेल तर हंडा कट्ट्यावर तरंगताना दिसेल.

आता एक इशारा. सर्वांत वाईट ट्रॅक पुसत गेलात की एररचा आकडा खाली येतच राहतो, आणि शेवटी उरतात ते एकाच भिंतीवरचे दहा ठिपके. आकडा झकास, कॅमेरा चुकीचा. खरी परीक्षा अशी: जमीन म्हणून तीन ठिपके निवडून ‘फ्लोअर’ दाबा, मोजलेलं अंतर ‘सेट स्केल’मध्ये द्या, ‘सेटअप ट्रॅकिंग सीन’ करा आणि जवळ, मध्ये, लांब असे तीन घन ठेवून शॉट चालवा. तिन्ही जागच्या जागी चिकटून राहिले तरच पुढे जा. इथली घसर पुढे कुठल्याच टप्प्यावर दुरुस्त होत नाही.

हंडा

आकार घडवणं हा यातला सर्वांत सोपा भाग: अर्धी कड काढा, स्पिन करा, काठाला जाडी द्या. मेटॅलिक 1. तांब्याचा रंग लाल 0.955, हिरवा 0.638, निळा 0.538. रफनेस (खरखरीतपणा) सगळीकडे सारखा ठेवू नका. काठाजवळ, जिथे रोज हात लागतो आणि चिंच घासली जाते, तिथे 0.15, पोटाखाली 0.35 पर्यंत. दोन-तीन पोचे पाडा आणि वर्तुळ किंचित बिघडवा. दुकानातून आत्ताच आणल्यासारखा हंडा जुन्या कट्ट्यावर उपरा वाटतो.

कट्ट्याच्या जागी एक सपाट तुकडा ठेवून त्याला ‘शॅडो कॅचर’ करा. तो स्वतः दिसत नाही, फक्त सावली धरतो. पण त्याला कट्ट्याचा खरा रंग द्यायला विसरू नका, कारण तो हंड्यावर उजेड परतवतो आणि तांब्यात खालून उमटतो. डीफॉल्ट पांढराच राहिला तर हंड्याचं बूड उजळ होतं आणि तो जमिनीवरून उचलल्यासारखा दिसतो.

माणसाचं काय? त्याच्या उंचीचा, त्याच्या सदऱ्याच्या रंगाचा ओबडधोबड दंडगोल त्याच्याच वाटेने चालवा आणि रे व्हिजिबिलिटीमध्ये ‘कॅमेरा’ काढून टाका. आता तो कॅमेऱ्याला दिसत नाही, पण त्याची सावली हंड्यावरून सरकते आणि तांब्यात एक रंगीत पट्टा वाकत जातो. गोल पोटावर तेवढं पुरतं, हातपाय कुणी शोधत नाही. हे न करता सोडलेले शॉट खूप दिसतात, आणि ते ओळखू येतात.

रेंडर

प्रकाशकिरण वस्तूवस्तूंवर आपटत कसा फिरतो याचं समीकरण जेम्स काजियाने 1986 मध्ये लिहिलं. त्या काळच्या यंत्रांना ते झेपण्यासारखं नव्हतं. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र काढणारा भाग, त्याच पद्धतीने चालतं. 256 सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) आणि डीनॉइझ (दाणेदारपणा पुसणं) इथून सुरुवात करा. सॅम्पल फारच कमी ठेवून सगळं डीनॉइझवर सोडलं तर एकेक फ्रेम छान दिसते, पण चालवल्यावर तांब्यावर डाग वळवळतात.

थेट व्हिडिओ फाइल कधीही रेंडर करू नका, ओपनईएक्सआरची चित्रमालिका करा. हा फॉरमॅट इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने 2003 मध्ये सर्वांना खुला केला. त्यात उजेडाचे आकडे कापले जात नाहीत. 1080 च्या आकाराची हाफ फ्लोट फ्रेम न दाबता साडेसोळा एमबीच्या आसपास होते, झिप कॉम्प्रेशनने तपशील न गमावता घटते. फ्रेमला तीन मिनिटं लागली तर 100 फ्रेम्सना पाच तास, आणि पाच तासांत वीज जाणारच असं गृहीत धरून ‘ओव्हरराइट’ची खूण काढून ठेवा. वीज परत आली की राहिलेल्या फ्रेमपासून काम पुढे चालू होतं.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर रंग कसे दिसतील ते ठरवणारी सेटिंग) ‘स्टँडर्ड’ करा. ब्लेंडर 4.0 पासून तो मुळात ‘एजीएक्स’ असतो. तो तसाच राहिला तर तुमचं आधीच रंगवून आलेलं चित्रण पुन्हा एकदा रंगातून जातं आणि अंगण धुरकट होतं.

कॉम्प

कॉम्प म्हणजे एका चित्रावर दुसरं ठेवणं. त्याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये नीट मांडलं: पुढचं चित्र, अधिक मागचं गुणिले एक वजा अल्फा (अल्फा म्हणजे पुढचं चित्र तिथे किती अपारदर्शक आहे तो आकडा). यात पुढच्या चित्राचा रंग अल्फाने आधीच गुणलेला असतो. ईएक्सआर तशीच येते, पीएनजी तशी येत नाही. हंड्याभोवती काळी रेघ दिसली तर गुणाकार दोनदा झालाय, उजळ रेघ दिसली तर झालेलाच नाही. रंग सुधारायचा असेल तर अल्फाने भागा, सुधारा, पुन्हा गुणा.

‘सेटअप ट्रॅकिंग सीन’ने बनवलेल्या नोडमध्ये खरं चित्रण सरळ करून त्यावर सीजी ठेवलेलं असतं. ते उलटं करा. चित्रणाला हात न लावता हंडा आणि सावली यांनाच मूव्ही डिस्टॉर्शन नोडमधून ‘डिस्टॉर्ट’ करा. खरं चित्रण जितक्या वेळा ताणाल तितकं मऊ पडतं.

मग काळा रंग. मोबाइलच्या चित्रणात शुद्ध काळं जवळपास नसतंच. हंड्याच्या तोंडाच्या आतला अंधार आणि कट्ट्याखालचा अंधार लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये वेगवेगळा बघून जुळवा. शॅडो कॅचरची सावली नुसती काळी येते. खरी सावली आकाशामुळे निळसर असते, काठीच्या सावलीशी ताडून पाहा. सीजीची कड नेहमी जास्त धारदार असते, तिला एखाद्या पिक्सेलचा ब्लर द्या.

ग्रेनसाठी (चित्रातल्या बारीक दाण्यांसाठी) त्याच आयएसओवर राखाडी कार्डाचं फोकसबाहेर पाच सेकंद चित्रण घ्या आणि त्याच्या फ्रेम्समधून सरासरी वजा करा. उरतो तो तुमच्या फोनचा ग्रेन. तो फक्त हंडा आणि सावलीवर मिसळा.

रोटो, म्हणजे पुढून जाणारा माणूस कापून हंड्याच्या पुढे आणणं, शेवटी. चित्रणावरून फ्रेमगणिक आकृती गिरवण्याच्या यंत्राचं पेटंट मॅक्स फ्लायशरला 1917 मध्ये मिळालं, आणि कष्ट आजही साधारण तेवढेच आहेत. माणसाचा एकच मोठा मास्क करू नका. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात असे वेगळे आकार करा. कीफ्रेम ठरावीक अंतरावर न टाकता हालचाल जिथे दिशा बदलते तिथे टाका. हात पुसट असेल तर मास्कची रेघ पुसटपणाच्या मधोमध न्या आणि फेदर (कडेचा मऊ भाग) बाहेर सोडा. फक्त हंड्यासमोरचाच भाग कापायचा आहे, बाकी अख्खा माणूस कापत बसण्यात अर्थ नाही.

झालं की गॅमा आधी खूप वर, मग खूप खाली करून शॉट चालवा. काळ्यातली तफावत वर केल्यावर दिसते, उजळ भागातली खाली केल्यावर. चित्र आडवं उलटूनही एकदा पाहा, सरावलेल्या नजरेतून निसटलेलं तिथे सापडतं. फाइल काढताना बिटरेट भरपूर ठेवा. यूट्यूब ती पुन्हा दाबतं तेव्हा ग्रेन आधी खाल्ला जातो आणि आकाशात पट्टे उमटतात. 1080 चं काम 2160 ला मोठं करून चढवलं तर हा त्रास बराच कमी होतो.